फोन तापवून आणा

आमचा फोन रोज दुपारी बोलणं सुरू झाल्यापासून सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी बंद पडायचा. हे मी अंदाजाने सांगत नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. अंदाजाने काहीही सांगणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, आणि त्याला कलमही आहे.

एक वाजता बुटकीचा फोन यायचा. बुटकी म्हणजे आमची मुलगी. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण नाव राहिलं ते राहिलंच. उभ्या घरात तेवढंच एक माप मी कधी पडताळून पाहिलं नाही. नोकरीसाठी ती समुद्रापलीकडे, एका गारठलेल्या गावात राहते. तिची कामावर निघायची सकाळ आणि माझी जेवायला घरी यायची दुपार, एवढीच काय ती आमची वेळ जुळायची. घरात रेंज एकाच ठिकाणी, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात. आणि एक वाजता ऊनही नेमकं त्याच कोपऱ्यात पाय पसरून बसलेलं असायचं.

फोन हातात धरवत नसे. पण पडद्यावर बुटकीच्या पाठीमागे तिची खिडकी दिसायची आणि त्या खिडकीत बर्फ पडत असायचा. हळूहळू, कुणीतरी वरून कापूस पिंजतंय असा. हातात निखारा आणि निखाऱ्याच्या आत बर्फ. मी बघत राहायचो. बोलायची पाळी माझी नसायचीच, त्यामुळे बघायला भरपूर वेळ असायचा.

पाळी आधी हिची. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आईच ती. पण हिचं बोलणं सुरू झालं की पडदे धुतले इथपासून ते शेजारच्या नर्सबाईंच्या मांजरीला झालेल्या पिल्लांच्या रंगांपर्यंत पोचायचं. पिल्लं पाच होती आणि रंग नऊ. मग सहा मिनिटं वीस सेकंदांनी ही म्हणायची, "हं, घे, बाबांशी बोल."

मी फोन घ्यायचो. "काय म्हणतेस?"

"ठीक, बाबा. तुम्ही?"

मी उत्तर द्यायला श्वास घ्यायचो आणि पडदा काळा. त्यावर एक इवलंसं थर्मामीटरचं चित्र आणि खाली ओळ: 'फोन गार होऊ द्या.'

चार महिन्यांत माझ्या वाट्याला मुलगी अशी वीस-वीस सेकंदांनी मिळून साधारण चाळीस मिनिटं आली. त्यातली निम्मी श्वास घेण्यात गेली. "आधी मला दे," असं म्हणता आलं असतं, पण त्याला स्वाभिमान आड यायचा. आणि घरात असा फोन एकच. हिचा बटणांचा आहे. "तो कधी तापत नाही, माझ्यासारखाच आहे," असं ही म्हणते. यावर काही बोलायचं नाही, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शिकलो.

फोन तापतो ही बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले जिन्यातून वर आले.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका. काकांनी पस्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. त्यांच्या दृष्टीने जगात दोनच गोष्टी आहेत, इंजिन आणि इंजिनाचा आवाज. त्यांनी फोन कानाला लावून ऐकला, तळहातावर उलटा केला आणि म्हणाले, "कव्हर काढा. बॉनेट बंद ठेवून घाट चढवता होय? आणि एकदम गार पाणी मारू नका. ब्लॉक तडकतो."

"पाणी मारणार नव्हतो," मी म्हणालो.

"मारू नकाच. लोक मारतात."

दुसऱ्या आल्या नर्सबाई. त्यांनी फोनच्या पाठीवर हाताची मागची बाजू टेकवली, डोळे मिटले आणि आवाज खाली आणून विचारलं, "कधीपासून आहे हे?" मग ओल्या फडक्याची घडी पिळून फोनवर ठेवली आणि स्वतःचं थर्मामीटर लावलं. ते बेचाळीसपर्यंत चढलं, दोनदा किंचाळलं आणि गप्प झालं.

"पुढचा आकडा?" मी विचारलं.

"पुढचा नसतो. याच्या पुढचं माणसाला लागत नाही."

घडीचं पाणी फोनच्या भोकात जाईल म्हणून काका ओरडले. अंगात ताप असताना कपडे काढून उघडं ठेवायला सांगणारा माणूस कोण, असं नर्सबाईंनी विचारलं. हा आजार आहे की घाट, यावर त्या सुट्टीच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात पाऊण तास वाद झाला. तो वाद ऐकता ऐकता एक वाजला, बुटकीचा फोन आला, आणि त्या दिवशी तो पाच मिनिटांतच बंद पडला, कारण दोघांनीही तिला आपापली बाजू सांगितली.

मी दुरुस्ती केंद्रात गेलो.

तो हॉल मी जन्मात विसरणार नाही. बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि काचेचं दार ढकललं की एकदम नदीत पाय घातल्यासारखं गार. लोक खुर्च्यांवर हात काखेत घालून बसलेले, कुणी बोलत नाही, फक्त वरच्या एका पाटीवर आकडे बदलतायत. माझा आकडा यायला तास लागला आणि त्या तासात मी चक्क झोपलो. स्वप्नात आमच्या कार्यालयातला मोठा तराजू होता, त्याच्या पारड्यात बर्फ पडत होता, पडतच होता, आणि काटा काही हलत नव्हता. जागा झालो तेव्हा समोरच्या टेबलामागून एक बाई माझा आकडा तिसऱ्यांदा पुकारत होत्या. पन्नाशीच्या. अंगात जाड लोकरी स्वेटर, केसांना चिमटा, आणि हातात थर्मामीटरची बंदूक. ती नेम धरून दाबायची, की लांबूनच तापमान सांगते.

"काय होतंय?"

"तापतो."

त्यांनी नेम धरला. "चोवीस."

"आत्ता नाही तापलेला."

"मग तापवून आणा," स्वेटरबाई म्हणाल्या. "पंचेचाळीसच्या वर माझ्यासमोर दिसला, तरच तक्रार नोंदवता येते. नियम आहे."

नियम म्हटल्यावर माझी मान आपोआप हलली. गेली सत्तावीस वर्षं मीही टेबलापलीकडच्या माणसाला असंच काहीतरी सांगत आलोय. टेबलाच्या अलीकडून ते कसं ऐकू येतं, हे मात्र तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन तापवायला बसलो. काल जे घर फोन गार करायला झटत होतं, तेच घर आज त्याला ऊब द्यायला लागलं. ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, चोक ओढा, म्हणजे टॉर्च लावा, व्हिडिओ लावा, नकाशा लावा. नर्सबाईंनी लोकरीचा मफलर आणला. केंद्राच्या दारासमोरच्या बाकावर, भर उन्हात, मी मफलरमधलं ते गाठोडं छातीशी धरून बसलो. आत कुणीतरी बासरी वाजवत होतं, नकाशा मला सांगत होता की मी पोचलोय, आणि मफलरच्या विणीतून टॉर्चचा उजेड पाझरत होता. तेवढ्यात पहारेकरी जवळ आला आणि चार पावलं लांबूनच त्याने विचारलं, "साहेब, त्यात काय आहे?"

"फोन."

"मग एवढा जपून का धरलाय?"

"थंडी लागेल म्हणून," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं, पण त्यामुळे अर्धा तास गेला. गाठोडं सोडून दाखवावं लागलं, ओळखपत्र दाखवावं लागलं, आणि वजनमापे खात्यातला माणूस आहे म्हटल्यावर त्याने पत्नीच्या भाजीवाल्याची तक्रार सांगितली ती ऐकावी लागली. आत शिरलो तेव्हा फोन अजून कढत होता, पण पुढे सहा आकडे होते. मी तो शर्टाच्या आत, काखेत धरला. सहा आकड्यांनी स्वेटरबाईंनी नेम धरला. "एकोणचाळीस. यातला काही तुमच्या काखेचा."

याच वेळी ते झालं. माझा नाइलाज होता. आयुष्यभर जी सवय लागली, ती डोळ्यांची. वाण्याकडे गेलो तरी आधी काट्यावरचा शिक्का दिसतो, मग वाणी. बंदुकीच्या मुठीवर आमच्याच खात्याची पट्टी होती, आणि तिच्यावरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती.

"याच्या पडताळणीची मुदत संपलीय," मी हळूच म्हणालो.

स्वेटरबाईंनी चष्मा वर करून पट्टी वाचली. मग उठून आत गेल्या. आतून परत आल्या तेव्हा बंदूक एका पाकिटात होती आणि पाकिटाला लाख. पाच मिनिटांत काचेवर कागद लागला: 'तापमानमापक पडताळणीसाठी पाठवत असल्याने तापण्याच्या तक्रारी पुढील सूचनेपर्यंत बंद.'

हॉलमध्ये अकरा माणसं तापण्याची तक्रार घेऊन आली होती. त्यातल्या एका आजोबांनी फोन रजईत गुंडाळून आणला होता. अकराच्या अकरा जणांनी आधी कागद वाचला आणि मग मला वाचलं. कर्तव्य बजावल्याचा आनंद मला साधारण दोन मिनिटं झाला. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की तक्रार बंद झालेल्यांत बारावा मी आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

घरी हिला सांगितलं. ही पोळपाट धूत होती. म्हणाली, "म्हणजे डॉक्टरचाच हात धरून तुम्ही त्याला आजारी पाडलंत."

बंदूक आमच्याच कार्यालयात येणार हे उघड होतं, आणि मला त्यातच आशा होती. आपलं कार्यालय, आपला शिक्का, सकाळी आली तर दुपारी परत. ती मंगळवारी आली. पाकीट फोडायला मी हात पुढे केला आणि आमचे साहेब मागून म्हणाले, "थांबा."

साहेब माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत. वाणी गोड, अक्षर सुंदर आणि नियम पाठ. ते म्हणाले, "या केंद्रात तुमची तक्रार आहे ना? मग तुम्हाला या उपकरणाला हात लावता येणार नाही. हितसंबंध येतो."

"माझी तक्रार नोंदलेलीच नाही, साहेब. हे यंत्र बंद आहे म्हणून."

साहेबांनी विचार केला. त्यांना तो आवडलेला दिसला. "म्हणजे येऊ घातलेला हितसंबंध. तो जास्त वाईट."

त्यात आणखी एक फाटा निघाला. लांबून ताप मोजणाऱ्या बंदुकीशी ताडून पाहायचं प्रमाण यंत्र आमच्याकडे नव्हतंच. ते मुख्य कार्यालयातून मागवायचं, त्यासाठी अर्ज, अर्जासोबत जुना शेरा, आणि जुना शेरा ज्या कपाटात होता त्याची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? बंदूक माझ्या टेबलाशेजारच्या फडताळात, काचेआड, मला दिसेल अशी पडून राहिली. मी तिच्याकडे बघायचो आणि ती छताचा नेम धरून पडलेली.

पुढचे तीन आठवडे स्वेटरबाई दर मंगळवारी चौकशीला यायच्या. आमच्याकडे त्या स्वेटर काढून हातावर घ्यायच्या, कारण आमचा पंखा फिरतो पण वारा देत नाही. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून विचारायच्या, "झालं का?"

"तुमचा नंबर आला की कळवू," मी म्हणायचो आणि मलाच लाजल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या मंगळवारी भयंकर उकडत होतं. सगळं कार्यालय पेंगत होतं. शेल्फावरची पितळी वजनंसुद्धा एकमेकांना टेकून झोपल्यासारखी दिसत होती. वरच्या खिशातला फोन कोमट झाला होता, झोपलेल्या मांजराएवढा कोमट, आणि त्या उबेने माझेही डोळे मिटत होते. बाईंनी अचानक विचारलं, "रागावणार नसाल तर विचारते. नवा फोन का नाही घेत? एवढं काय आहे त्यात?"

मी त्यांना वीस सेकंदांची गोष्ट सांगितली. कुणाला सांगायची नव्हती, पण अर्धवट झोपेत माणूस खरं बोलतो. हा फोन बुटकीने पहिल्या पगारात पाठवलेला, तो टाकून दुसरा घेणं जिवावर येतं, हेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आपला रुमाल चार घड्या करून पुन्हा उलगडला. मग म्हणाल्या, "बंदूक आली की फोन तापवून आणू नका. कॉलच माझ्यासमोर करा. ज्याने तापतो, तेच करून बघू. मी दर पाच मिनिटांनी मोजेन."

बंदूक चौथ्या आठवड्यात पास झाली. शिक्का साहेबांनी स्वतः मारला आणि मला दोन टेबलं लांब उभं केलं.

ठरल्या दिवशी हीसुद्धा येणार होती, पण नळाचं काम करणारा माणूस 'बारा ते चार' असं सांगून बसला होता. तेव्हा मी एकटाच गेलो. स्वेटरबाईंनी कोपऱ्यातलं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. समोर फॉर्म, बाजूला बंदूक. एकला फोन वाजला. मी तो पुस्तकाला टेकवून उभा केला.

"आई कुठाय?" बुटकीने विचारलं.

"नळवाला येणारेय. मी दुरुस्ती केंद्रात आहे. काय म्हणतेस?"

"ठीक, बाबा. तुम्ही?"

मी श्वास घेतला आणि पडदा काळा व्हायची वाट पाहिली.

पडदा काही काळा होईना. बुटकी माझ्याकडे बघत होती. तिच्यामागे बर्फ पडत होता. वीस सेकंद झाले, तीस झाले. खरं सांगायचं तर मला घाम फुटला, त्या गार हॉलमध्ये. चार महिने मी ज्या बोलण्यासाठी जंग जंग पछाडलं, ते बोलणं पुढ्यात येऊन उभं राहिलं आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. माझं सगळं संभाषण वीस सेकंदांच्या मापाचं शिवलेलं.

"मीही ठीक," मी म्हणालो. मग म्हणालो, "बर्फ पडतोय."

"हो."

"कधीपासून?"

"पहाटेपासून. ट्राम बंद आहेत. आज सुट्टीच दिलीय." मग ती थांबून म्हणाली, "बाबा, तुमचा फोन बंद नाही पडला."

"नाही."

"आता काय करायचं?"

आम्ही दोघंही हसायला लागलो. "पाच मिनिटं. सव्वीस," बाजूने स्वेटरबाई म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्मवर लिहिलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. इंजिन आणि ताप, मफलर, पहारेकरी, बारावा तक्रारदार, येऊ घातलेला हितसंबंध. मला गोष्ट सांगता येते, हे मला ठाऊक नव्हतं. साहेबांच्या वाक्याला बुटकी इतकी हसली की तिने डोळे पुसायला हात वर केला, आणि तो हात पांढरा होता. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर.

तिने हात खाली घेतला, पण उशिरा.

"पायऱ्यांवर घसरले," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले. गुरुवारी काढणार आहेत. बाबा, आईला सांगू नका हं. ती झोपायची नाही."

"दुखतंय?"

"आता नाही. पहिल्या आठवड्यात फार दुखलं." हे ती सहज म्हणाली. पण तो पहिला आठवडा मी मनात मोजला. त्यातल्या सातही दिवशी मी तिला 'काय म्हणतेस' विचारलं होतं आणि तिने 'ठीक' म्हटलं होतं.

"मग कुणी होतं का जवळ?"

"खालच्या मजल्यावरच्या आजी येतात. केस विंचरून देतात. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. त्या त्यांच्या मुलाबद्दल बोलतात, मी तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय बोलतेस?"

"त्यांना कळत नाही म्हणून बोलते ना," बुटकी म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, मी निघाले त्या दिवशी तुम्ही विमानतळावर त्या काट्याशी भांडत होतात. माझ्या बॅगेवरून. मला आत बोलावलं, मी हात केला, तुमची पाठ होती."

ते खरं होतं. ते मी कुणाला सांगत नाही. "काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता," मी म्हणालो. माझ्याच कानांना ते फार बारीक ऐकू आलं.

"माहितीय. इथे आल्यावर मी बॅग पुन्हा मोजली, न उघडता. स्टेशनवर काटा होता." ती हसली. "तुमचंच बरोबर होतं."

"चाळीस मिनिटं," स्वेटरबाई म्हणाल्या. आकडा त्या बोलल्याच नाहीत, नुसता लिहिला.

त्यानंतर आम्ही काय बोललो ते सगळं आठवत नाही. मध्ये मध्ये काहीच बोललो नाही. तिने डाव्या हाताने चहा केला आणि मी तो करताना बघितला. तिने फोन खिडकीशी नेला आणि रस्ता दाखवला. एक माणूस छत्री घेऊन इतका सावकाश चालत होता की तो चालतोय की रस्ताच हळूहळू मागे सरकतोय, ते कळत नव्हतं. तो वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघांनी त्याला निरोप दिल्यासारखं पाहिलं. हॉलमधले आकडे बदलत होते, लोक येत होते, जात होते. माझी पावलं गार पडली होती, आणि ती नेमकी कुठल्या देशात गार पडलीत याचा मला काही वेळ नीट पत्ता नव्हता.

एक तास बत्तीस मिनिटांनी बुटकी म्हणाली, "बाबा, आता माझा फोन तापलाय," आणि आम्ही ठेवला.

स्वेटरबाईंनी शेवटचा नेम धरला. "सत्तावीस. दोष आढळला नाही." त्यांनी फॉर्म माझ्याकडे वळवला. "इथे सही. 'तक्रारदार समाधानी' याच्यासमोर. आणि हा खालचा चौकोन, फेरतपासणी हवी असेल तर. मागण्याचा तुम्हाला हक्क आहे." त्या फॉर्मकडे बघत म्हणाल्या, "कितीही वेळा."

मी समाधानीसमोर सही केली आणि फेरतपासणीच्या चौकोनात फुली मारली. एकाच कागदावर दोन्ही. आमच्या साहेबांनी पाहिलं असतं तर त्यांना फेफरं आलं असतं.

घरी आलो. नळवाला आला नव्हता. हिने पाणी दिलं आणि विचारलं, "काय म्हणाले?"

"दोष नाही म्हणाले."

"आणि ती?"

आयुष्यात पहिल्यांदाच बुटकीची अशी एक गोष्ट माझ्याकडे होती, जी हिच्याकडे नव्हती. मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. "ती ठीक आहे," मी म्हणालो.

"हात कसा आहे तिचा?"

मी पेला खाली ठेवला. "तुला तिने सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? पाच आठवडे डाव्या हातात कप, वेणी नाही, आणि कॅमेरा गळ्याच्या वर. माझी मुलगी डावखुरी केव्हापासून झाली?" ही ओट्यावरचं पाणी फडक्याने टिपत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. "तिला वाटतं मला कळलं नाही. वाटू दे. मी विचारलं की तिला खोटं बोलावं लागेल. म्हणून मी आपली बडबडत राहते, मांजरीची पिल्लं काय नि पडदे काय. म्हणजे तिला बोलावंच लागत नाही."

मी खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसलो. सहा मिनिटं वीस सेकंद मी रोज मोजत होतो, आणि त्यात काय भरलंय ते एकदाही तोलून पाहिलं नव्हतं.

"मला सांगायचंस तरी," मी शेवटी म्हणालो.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिकडच्या हाडाच्या डॉक्टरचा शिक्का तपासायला निघाला असतात." मग हिने फडकं वाळत घातलं. "फेरतपासणी वगैरे काही असते का हो त्यांच्याकडे?"

"शुक्रवारी आहे."

"मी पण येते."

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. हिने चांगली साडी नेसली आणि त्यावर शाल घेतली. ड्रायव्हरकाकांनी जिन्यातून विचारलं, "इंजिन उतरवणार का?" ही म्हणाली, "नाही, नुसतं बघून येतो." स्वेटरबाईंनी कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन खुर्च्या लावून ठेवल्या होत्या. हॉल नेहमीसारखा गार आणि गप्प होता. एकला फोन वाजला.

बुटकीने आम्हाला शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे, काही न बोलता तिने उजवा हात वर केला. हात बारीक झाला होता आणि बाकीच्या अंगापेक्षा फिकट दिसत होता. तिने मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली, लहान मुलं करतात तशी.

ही बोलली नाही. पडदे नाहीत, पिल्लं नाहीत, एक अक्षर नाही. फक्त शालीतून आपला हात काढला आणि तशीच मूठ मिटली, उघडली. तिकडे तिच्यामागे बर्फ थांबला होता आणि छपरावरून पाणी ठिबकत होतं.

स्वेटरबाईंनी बंदूक धरली, आकडा पाहिला, फॉर्म पुढे ओढला. मग पेन तसंच ठेवून त्यांनी आमच्यामागे तिसरी खुर्ची ओढली आणि बसल्या.